लिफ्टसाहेबांच्या गाडीतला वास

समोरच्या इमारतीतल्या वहिनींनी गाडीत बसल्या बसल्या नाकाला रुमाल लावला, आणि लिफ्टसाहेबांच्या इभ्रतीची घसरण तिथून सुरू झाली.

वहिनींना बँकेत जायचं होतं. साहेबांना त्याच बाजूला काम होतं, म्हणून त्यांनी आपण होऊन "चला, सोडतो" म्हटलं. उकाडा होता. साहेबांनी काचा वर केल्या आणि एसी लावला. एसीच्या जाळ्यांतून पहिली झुळूक आली तसा वहिनींनी पर्समधून रुमाल काढला. मग तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "काच थोडी खाली घेऊ का?"

"एसी चालू आहे, वहिनी."

"हो ना. म्हणूनच."

बँकेच्या दारात उतरल्यावर त्यांनी आधी पोटभर श्वास घेतला आणि मग खिडकीतून आत वाकून हळूच विचारलं, "लिफ्टसाहेब, रागावू नका. गाडीत काही राहिलंय का?"

"काय राहणार?"

"म्हणजे, आधी जिवंत होतं असं काही."

साहेबांनी गाडी पुढे नेऊन एका झाडाखाली लावली, सगळ्या काचा बंद केल्या, ब्लोअर पूर्ण सोडला आणि डोळे मिटून रीतसर वास घेतला. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. वास ओला होता. भिजलेला टॉवेल कुणीतरी पिशवीत कोंबावा, पिशवीला गाठ मारावी, आणि मग त्या पिशवीवर एखाद्या वजनदार माणसानं आठवडाभर बसून राहावं, तसा वास होता.

साहेबांना वास घेण्याची सवय होती. लिफ्टसाहेब हे नाव त्यांना कॉलनीनं दिलेलं. सरकारी नोकरीत असताना शहरातल्या लिफ्ट तपासणं हे त्यांचं काम. वर जायचं, खाली यायचं, दोर बघायचा, ब्रेक बघायचा, खड्ड्यात उतरून तेल कुठे गळतंय का ते नाकानं हुंगायचं, आणि शेवटी शेरा लिहायचा: 'चालू ठेवण्यास हरकत नाही. पुढील तपासणी सहा महिन्यांनी.' लिफ्ट जुनी असली तर सहाच्या जागी तीन. जन्मभर लिफ्टमधून फिरलेला हा माणूस राहायचा तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. कॉलनी यावर अजून हसायची. साहेब म्हणायचे, "लिफ्टच्या आत काय असतं हे ज्याला माहीत आहे, तो जिनाच चढतो."

एरवी गाडीला वास आला तर आला. साहेब काचा उघड्या ठेवून फिरले असते आणि वहिनींना बँकेत रिक्षानं जाऊ दिलं असतं. पण शनिवारी लेक येणार होती.

फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, स्टेशनवर घ्यायला याल ना? मग घरी जाऊन नीट बोलू."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

"मग आत्ताच बोल."

"फोनवर तुम्ही सगळं छानच सांगता. मला बघायचंय."

साहेबांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मागच्या खेपेला लेक आली तेव्हा दुधाचं पातेलं जळून काळं झालं होतं, झाडं वाळली होती, आणि फ्रिजमध्ये अशी एक वाटी सापडली होती की तिच्यात मुळात काय होतं ते दोघांनाही सांगता आलं नव्हतं. लेक तेव्हाच म्हणाली होती, घर बंद करू, गाडी विकू, तुम्ही माझ्याकडे चला. साहेबांनी मुदत मागून घेतली होती. ती मुदत आता संपत होती. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासल्या त्याचीच तपासणी होती, आणि नापास झालं तर पुढे काय ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. लेकीच्या शहरातला उंच फ्लॅट, लेकीचा सोफा, आणि ती कामावरून दर दोन तासांनी फोन करून विचारणार, "बाबा, जेवलात का?" लेक वाईट नव्हती. फ्लॅटही चांगला होता. पण या घरात कुठला दिवा कुठल्या बटणानं लागतो हे साहेबांना अंधारात कळायचं, आणि प्रत्येक दारामागचा प्रत्येक खिळा बायकोनं सांगितलेल्या जागी त्यांनी स्वतः ठोकलेला होता. त्यांना इथेच राहायचं होतं. बस, एवढंच होतं.

घराची तयारी झाली होती. नवं पातेलं आलं होतं, नवी झाडं आली होती, फ्रिज रिकामा होता. तपासणीला येणारा माणूस घराच्या आधी गाडीत बसणार आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता इथे कपड्यांचा विषय काढायला हवा, कारण साहेब स्वतः तो कधीच काढणार नाहीत.

बायको गेल्यावर पहिल्यांदा कपडे धुतले तेव्हा ते बादली घेऊन गॅलरीत गेले आणि दोरीवर जमेल तसे टाकू लागले. समोरच्या गॅलरीत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आत वळून आपल्या नवऱ्याला एकच शब्द सांगितला. हळू सांगितला, पण दोन इमारतींमध्ये अंतर कमी आहे. त्या म्हणाल्या, "बिचारे."

आळशी म्हटलं असतं, साहेबांनी सोडून दिलं असतं. कंजूष तर त्यांना ऑफिसातले तोंडावर म्हणायचे. पण 'बिचारे' हा शब्द माणसाच्या अंगावर ओल्या चादरीसारखा पडतो, आणि तो झटकायचा कसा हे कुणी शिकवत नाही. साहेबांनी टाकलेले कपडे परत बादलीत भरले आणि आत आले. त्यानंतर त्या दोरीवर एक रुमालसुद्धा पडला नाही.

मग त्यांनी गाडीचा शोध लावला. गाडी उभी असायची पाण्याच्या टाकीपलीकडच्या मोकळ्या जागेत, दिवसभर उन्हात. काचा बंद केल्या की आत भट्टी व्हायची. शर्ट खिडक्यांवरच्या हुकांना, बनियन सीटच्या डोक्यांना, टॉवेल काचांच्या फटीत अडकवून आतल्या बाजूला सोडलेले. कपडे पिशवीत घालून खाली न्यायचे, पिशवीत घालून वर आणायचे, कुणाला पत्ता नाही. ढगाळ दिवशी साहेब स्वतः आत बसायचे. इंजिन चालू, ब्लोअर जोरात, आणि आतली हवा आतच फिरवण्याचं बटण दाबलेलं, म्हणजे गरम हवा फुकट जायला नको. हातात वर्तमानपत्र. कुणी बघितलं तर वाटावं, माणूस कुठेतरी निघालाय. ज्या कॉलनीत तुमच्या पिशवीत कुठली भाजी आहे हे पिशवी चाचपून विचारतात, तिथे याबद्दल वर्षभर कुणी चकार शब्द काढला नाही. साहेबांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

इतकं सगळं असून त्यांना वासाचा आणि कपड्यांचा संबंध लागला नाही. हसू नका. लिफ्ट बंद पडली की जो तो दोर बघतो, मोटर बघतो. काल आतून कुणी लोखंडी कपाट नेलं का, हे कुणी विचारत नाही.

पहिला उपाय साहेबांनी स्वतःच्या अकलेनं केला. डॅशबोर्डवर चिकटवायची सुगंधी बाटली आणली. बाटलीवर बागेचं चित्र होतं. दुपारपर्यंत गाडीत असा वास भरला की एका सुंदर बागेत कुणीतरी ओला टॉवेल विसरून गेलंय.

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. त्यांनी कॉफी पावडरीची वाटी आणली होती. "ही उघडी ठेवा. कॉफी सगळे वास ओढून घेते. आणि चारही दारं सताड उघडी टाका. हवा खेळू द्या."

साहेबांनी दारं उघडली. ती उघडल्याचा आवाज जणू थेट कानात गेला असावा, असे सेक्रेटरी हजर झाले. सोसायटीच्या सेक्रेटरींना आईवडिलांनी काहीतरी नाव ठेवलं असणार, पण ते वापरात नव्हतं.

"दारं उघडी आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"वास जायला."

"दार उघडलं की गाडीची रुंदी वाढते, साहेब. वाढलेली रुंदी शेजारच्या जागेत शिरते. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला मी अतिक्रमण म्हणजे काय ते सांगायचं का?"

"शेजारच्यांची हरकत नसली तर?"

"मग तसं लेखी आणा. दोन्ही बाजूंचं."

"एका बाजूला वहिनींच्या यजमानांची गाडी असते. ते देतील. दुसऱ्या बाजूला—"

"दुसऱ्या बाजूला माझी असते."

"मग द्या की."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "सेक्रेटरी म्हणून माझी काहीच हरकत नाही. पण शेजारी म्हणून मला विचार करावा लागेल."

त्यांनी जेवणाच्या वेळेपर्यंत विचार केला आणि तीन जिने चढून निर्णय सांगायला आले. "शेजाऱ्यानं नकार दिलाय."

"आणि सेक्रेटरी काय म्हणाले?"

"त्याला वाईट वाटलं."

उभ्या गाडीत हवा खेळवायला बंदी झाल्यावर चालत्या गाडीत खेळवणं भाग होतं. बुधवारी सकाळी साहेब काचा खाली करून, डॅशबोर्डवर कॉफीची वाटी ठेवून निघाले. कॉलनीच्या फाटकापाशी एक गतिरोधक आहे. तो सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून बांधून घेतला असल्यामुळे इतर गतिरोधकांपेक्षा उंच आहे. वाटी उडाली, कलंडली, आणि वाटीभर कॉफी काचेलगतच्या फटींतून आत गेली. एक कणसुद्धा बाहेर राहिला नाही. साहेबांनी काय झालं ते बघायला ब्लोअर लावला. मग त्यांनी आरशात बघितलं. आरशात एक तपकिरी गृहस्थ बसले होते.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदारानं त्यांना तसंच बघितलं आणि कुठलं मलम हवंय असं विचारलं. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, "कॉफी हा काही उपाय नाही. कॉफी प्यायची असते. तुम्ही व्हिनेगर आणि पाणी घ्या, फवारणीच्या बाटलीत भरा. पुढच्या काचेखाली बाहेरून हवा आत जायची जाळी असते, तिथे मारा. ब्लोअर चालू ठेवायचा, म्हणजे ते आतपर्यंत जातं. बुरशी असेल तर जागेवर मरेल."

"किती मारायचं?"

"थोडंसं."

थोडंसं हे माप लिफ्टच्या खात्यात चालत नाही. साहेबांनी बाटली रिकामी केली. काही जात नाही असं वाटलं म्हणून झाकण काढून उरलेलं ओतलं. आता आत कॉफी होती, व्हिनेगर होतं, आणि बागेच्या बाटलीतला सुगंध होता. ब्लोअर गुडगुडला आणि बंद पडला.

नेमके तेव्हा सेक्रेटरी आले. नवीन शर्ट होता, कुठल्यातरी समारंभाला निघाले असावेत. "साहेब, तक्रार आली आहे. पार्किंगमध्ये आंबूस वास येतोय."

"कुणाची तक्रार?"

"शेजाऱ्याची," सेक्रेटरी म्हणाले आणि खातरजमा करायला दारातून आत वाकले. त्यांचं तोंड मधल्या जाळीसमोर आलं आणि ब्लोअरला परत जीव आला.

त्यानंतर जे बोलणं झालं ते सेक्रेटरी म्हणून झालं की शेजारी म्हणून, हे साहेबांना कळलं नाही. दोघंही चिडलेले होते.

गुरुवारी गाडी गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो बॉनेटवर हात ठेवून गाडीलाच प्रश्न विचारायचा आणि मालकाचं ऐकायचा नाही. त्यानं डॅशबोर्डला कान लावला, जाळीपाशी नाक नेलं आणि मान हलवली. "उंदीर."

"उंदीर नाही हो. वास ओला आहे."

"ओला उंदीर."

त्यानं समोरचा कप्पा काढला, आत हात घालून हवेचा फिल्टर ओढला. फिल्टर काळपट हिरवा होता आणि वर कॉफीचा थर. मग तो खांद्यापर्यंत आत गेला, बराच वेळ चाचपत राहिला, आणि त्यानं हळूहळू काहीतरी लांबट, लोंबणारं बाहेर काढलं.

उंदीर नव्हता. मोजा होता. करडा, टाचेला लाल पट्टी. ब्लोअरनं कधीतरी ओढून घेतलेला, आतल्या आत भिजत पडलेला मोजा.

साहेबांनी उजवा पाय डाव्या पायामागे नेला, कारण त्या मोज्याचा जोडीदार त्या वेळी त्यांच्या उजव्या पायात होता. डाव्यात काळा होता. हरवलेला मोजा सापडत नव्हता म्हणून बरेच दिवस हेच चाललं होतं.

"तुमचा?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही."

"मग कुणाचा?"

"मला काय माहीत?"

डॉक्टरनं मोजा उजेडात धरून फिरवला. "मी सांगतो. मागच्या वेळी ज्यानं सर्व्हिसिंग केलं, त्याचं काम. पुसायला घेतात आणि आत विसरतात. कुठे केलं होतं?"

"तुमच्याकडेच."

डॉक्टरनं मोजा बाकावर ठेवला. मग डॉक्टर म्हणाला, "तेव्हा आमच्याकडे एक माणूस होता. त्याला मी काढून टाकलं."

"या कामासाठी?"

"दुसऱ्याच कारणासाठी. पण बरंच झालं म्हणायचं."

एका निरपराध माणसाच्या नावावर आपला मोजा चढत असताना साहेब गप्प उभे राहिले. पण डोक्यात सगळे दोर एकदम जुळले होते. मोजा, टॉवेल, बनियन, आतल्या आत फिरणारी हवा. वर्षभर कपड्यांतलं पाणी कुठे गेलं? कपडे वाळले म्हणजे पाणी नाहीसं झालं असं ते समजत होते. पाणी तिथेच होतं, जाळ्यांच्या मागे. उपाय करत फिरणारा आणि रोग लावणारा माणूस एकच होता, आणि तो आता एका पायावर उभा होता.

डॉक्टरनं आत बुरशी मारायचा फेस मारला, नवा फिल्टर बसवला, आणि गरम हवा सोडून गाडी दुपारभर उघडी ठेवली. तिथे तिची दारं कुणाच्या जागेत शिरत नव्हती. संध्याकाळी गाडीत कशाचाच वास येत नव्हता. साहेब काचा बंद करून, एसी लावून घरी आले आणि वाटेत त्यांनी चक्क शीळ घातली.

घरी बादल्या वाट बघत होत्या.

मंगळवारपासूनचे कपडे साचले होते. त्यात लेकीच्या पलंगावर घालायची पिवळ्या फुलांची चादर होती. ती तिच्या आईनं घेतलेली, आणि लेक आली की तीच लागायची. शुक्रवारी साहेबांनी सगळं धुतलं, पिळलं, आणि मग हातात चादरीचा पिळा धरून घराच्या मधोमध उभे राहिले. गाडीत टाकायची सोय राहिली नव्हती. गॅलरीत टाकलं तर समोर वहिनी होत्या. शेवटी त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, म्हणजे बाहेरून दिसायला नको, आणि कपडे घरभर पसरले. चादर दोन दारांवर, अभ्रे खुर्च्यांवर, बनियन पुस्तकांच्या कपाटाला, शर्ट पंख्याखाली. बाहेर ढग भरून आले होते. पंखे रात्रभर फिरत राहिले.

शनिवारी सकाळी दूध घेऊन आल्यावर त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबले.

वास ओळखीचा होता. गाडीतून निघाला होता आणि तीन जिने चढून घरी आला होता.

साहेबांनी घाईघाईनं खिडक्या उघडल्या, सगळे दमट कपडे गोळा करून एका मोठ्या पिशवीत कोंबले, आणि पिशवी घराबाहेर तर गेलीच पाहिजे म्हणून गाडीच्या डिकीत टाकून डिकी लावली. आयुष्यभर लिफ्टमध्ये किती माणसं आणि किती सामान चढेल याचा हिशेब करणाऱ्या या गृहस्थांना एवढं सुचलं नाही, की गाडीनं येणाऱ्या माणसाजवळ बॅग असते.

बॅग मोठी होती. लेक ती ओढत आली, साहेबांच्या गळ्यात पडली, आणि सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेली.

"बॅग सीटवर ठेव," साहेब म्हणाले.

"एवढी मोठी?"

"डिकी उघडत नाही."

"परवाच गॅरेजमधून आणली म्हणालात ना?"

"त्यांनी वासाचं बघितलं. डिकीचं नाही."

"कसला वास?"

लेकीनं डिकीचं बटण दाबलं. डिकी अगदी सहज उघडली. गाडीच्या ज्या गोष्टी नीट चालू होत्या त्यांपैकी ती एक होती.

पिशवीचं तोंड सुटलं होतं. पिवळ्या फुलांची चादर बाहेर आली होती आणि तिच्यावर काही बनियन. लेकीनं चादरीला हात लावला. मग हात नाकाजवळ नेला. स्टेशनबाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, एक टॅक्सीवाला "काका, जागा सोडा" म्हणून ओरडत होता, आणि साहेबांना वाटलं, झालं. शेरा पडला.

"बाबा, ही इथे का?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी टॅक्सीवाल्याच्या हॉर्नवर आवाज चढवून, भर रस्त्यात, आधी गॅलरी, मग 'बिचारे', मग ऊन, ब्लोअर, कॉफी, व्हिनेगर आणि मोजा असं सगळं सांगितलं. सांगताना ते डिकीकडे बघत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "पण पातेलं नवं आहे. झाडंही जिवंत आहेत."

लेकीनं बॅग चादरीच्या शेजारी ठेवली, डिकी लावली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडी रस्त्याला लागली. मग ती म्हणाली, "माझ्या घरात हाच वास येतो."

"कुठे?"

"फ्लॅटमध्ये. आमच्या इमारतीत गॅलरीत कपडे टाकायला बंदी आहे. इमारतीची शोभा जाते म्हणे. मी खुर्च्यांवर टाकते आणि पंखा लावते. ऑफिसात एकीनं मला वाढदिवसाला अत्तर दिलं. दुसरीनंही अत्तर दिलं. तेव्हा मला संशय आला." ती खिडकीबाहेर बघून बोलत होती. "बाबा, मी तुम्हाला न्यायला आले होते. सगळं ठरवून."

"माहीत आहे."

"पण तुम्ही आलात तर तुमचे बनियन मी कुठे वाळवू?"

साहेबांनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "तुझ्याकडे गाडी पण नाही," ते म्हणाले.

घरी आल्या आल्या लेकीनं पिशवी उचलली, न्हाणीघरात जाऊन सगळं पुन्हा खळबळून काढलं आणि गॅलरीचं दार उघडलं. ऊन पडलं होतं. साहेब दारातच थांबले.

"चला," ती म्हणाली. "मी एकटी चादर कशी टाकू?"

त्यांनी चादरीचं एक टोक धरलं. समोरच्या गॅलरीत वहिनी होत्याच. त्या कठड्यावर कोपर टेकवून बघत होत्या, आणि साहेब त्या शब्दाची वाट बघत होते.

"लिफ्टसाहेब," वहिनी म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी दोरी वापरताय. मग इतके दिवस कपडे कुठे टाकायचात?"

"गाडीत," लेकीनं सांगून टाकलं.

वहिनींचा चेहरा बदलला. "म्हणजे काचांना टॉवेल लावून आत बसायचात ते..."

"कपडे वाळवत होतो," साहेब म्हणाले.

"अहो, आम्हाला वाटायचं रडायला बसता. मी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं, काचांना टॉवेल दिसले की त्या बाजूला फिरकायचं नाही. वर्षभर माणसं टाकीला वळसा घालून जातात. माझे गुडघे दुखतात, तरी मी वळसा घालते. आणि तुम्ही कपडे वाळवत होतात?"

आता खरं सांगायचं तर एखाद्या ढगाळ दिवशी गाडीत बसून साहेबांनी वर्तमानपत्राचं एकच पान फार वेळ वाचलं होतं, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर बनियन असल्यामुळे ती रिकामी दिसत नव्हती हे त्यांना बरं वाटलं होतं. पण त्या वेळी कपडेही वाळत होते. दोन्ही कामं होत होती. हे काही त्यांनी वहिनींना सांगितलं नाही.

"चुकलंच," ते म्हणाले.

"चुकलंच तर. आणि तो शर्ट खांद्यानं कशाला लटकवलाय? खांद्याला टोकं येतील. खालून टाका. उलटा करून. आणि ती चादर पिळलीय, का पिळू का असं नुसतं विचारलंय तिला?"

तेवढ्यात खालून सेक्रेटरींचा आवाज आला. पाणी त्यांच्या डोक्यावर पडत होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरून थेंब पाडण्याबद्दल नियम काय आहे ते त्यांना सांगायचं होतं.

साहेबांनी शर्ट काढला, उलटा केला आणि खालून टाकला. वहिनी म्हणाल्या, चिमटा शिवणीवर लावा. त्यांनी शिवणीवर लावला. वहिनी म्हणाल्या, बनियनांत अंतर ठेवा. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं कुणी बोललं नव्हतं. कुणालाही त्यांची दया येत नव्हती. सगळ्यांना फक्त त्यांच्या चुका दिसत होत्या. साहेबांची मान हळूहळू ताठ झाली. त्यांनी कठड्यावरून वाकून सेक्रेटरींना विचारलं, "ही तक्रार सेक्रेटरीची का शेजाऱ्याची?"

लेक चादरीच्या पलीकडे होती. पिवळ्या फुलांमागे तिची नुसती सावली दिसत होती.

"बाबा," ती पलीकडून म्हणाली, "तपासणी झाली."

साहेबांच्या हातातला चिमटा हातातच राहिला. "मग?"

"चालू ठेवण्यास हरकत नाही." ती लहानपणी त्यांच्या टेबलाशी बसून हे वाक्य पाठ म्हणायची. "पुढील तपासणी सहा महिन्यांनी."

साहेबांनी चिमटा लावला. चादरीचा कोपरा सरळ केला, परत एकदा सरळ केला.

"लिफ्ट जुनी आहे," ते म्हणाले. "जुन्या लिफ्टची तीन महिन्यांनी करतात."